पाच पौंडांचा डाव

इंग्लंडमधल्या पबला पोकर खेळवण्याची मुभा आहे, पण तिच्यासोबत आकडे बांधून दिलेले आहेत. एका डावाला माणशी जास्तीत जास्त ५ पौंड. एका दिवसात त्या पबमध्ये लागलेल्या सगळ्या पैशांची बेरीज १०० पौंडांच्या वर जाता कामा नये. बक्षीसही १०० पौंडांच्या आतच. पबमालकाने टेबलावर बसण्याचं भाडं घ्यायचं नाही आणि जमलेल्या रकमेतून एक पेनीसुद्धा बाजूला काढायची नाही. उधारीवर कुणी खेळायचं नाही, अठराच्या आतल्या कुणाला बसू द्यायचं नाही. २००५ चा जुगारविषयक कायदा आणि त्याखाली २००७ मध्ये आलेले नियम यांनी ही चौकट घातली. पूर्ण स्पर्धा हा एकच डाव धरला जातो. त्यामुळे ५ आणि १०० हे आकडे शेजारी ठेवले की तिसरा आकडा आपोआप निघतो: २०. पुरते पाच पौंड घेऊन स्पर्धा भरवायची तर एका रात्री वीस माणसं, त्यापुढे नाही. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी, पबचा धंदा एरवी थंड असतो त्या दिवशी, मागच्या खोलीत दोन-तीन टेबलांवर हिरवं कापड पसरून जी मंडळी बसतात, त्यांच्या लीगची लांबी-रुंदी अशी थेट संसदेने आखून दिलेली आहे.

हे आकडे मला फार शहाणपणाचे वाटतात. त्यांच्या मागे जो विचार आहे तो आपल्याकडे कुणी नीट केलेला नाही, असंही वाटतं. जुगार कशाला म्हणायचं यावर आपण दीडशे वर्षं वाद घालतोय आणि वादाचा मुद्दा कायम एकच: या खेळात कौशल्य किती आणि नशीब किती. वकिलांना हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर कधीच संपत नाही. पण ज्याच्या घरात जुगाराने वाटोळं झालंय अशा कुणालाही विचारा. नवरा जे खेळत होता त्यात नशीब साठ टक्के होतं की चाळीस, याच्याशी त्या बाईला काहीही देणंघेणं नसतं. तिचे प्रश्न वेगळे असतात. एका रात्रीत तो किती घालवू शकत होता? त्याच्या हरण्यावर कुणाची चूल पेटत होती? आणि तो उठून घरी केव्हा येत होता? पबमधल्या हौशी लीगने, काही कायद्याच्या धाकाने आणि काही स्वतःच्या सोयीसाठी, नेमक्या या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवली आहेत. म्हणून ती मला जुगारापेक्षा क्रिकेटच्या मोहल्ला स्पर्धेच्या जवळची वाटते.

कौशल्याचा मुद्दा इंग्लंडमध्येही लढवून झाला. लंडनच्या क्लार्कनवेल भागात गटशॉट नावाचा पोकर क्लब होता. त्याच्या चालकावर १९६८ च्या जुन्या कायद्याखाली खटला भरला गेला. बचाव ठरलेलाच होता: पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, सबब हा कायदा त्याला लागूच होत नाही. जानेवारी २००७ मध्ये स्नेअर्सब्रुकच्या न्यायालयात ज्यूरीने हा बचाव फेटाळला. पोकरवाल्यांना तो अपमान वाटला. तोवर मंजूर झालेला नवा कायदा तर याहून रोखठोक आहे. त्याच्या व्याख्येनुसार नशीब आणि कौशल्य यांची सरमिसळ असलेला खेळ हाही नशिबाचाच खेळ. एवढंच काय, अव्वल दर्जाच्या कौशल्याने ज्यातलं नशीब पुसून टाकता येतं तो खेळसुद्धा त्यातच मोडतो. वाचताना हे कठोर वाटतं, पण यातच सुटका आहे. कायद्याने एकदा ‘होय, नशीब आहे’ म्हटलं की कौशल्य सिद्ध करत बसण्याचं कुणाला कारण उरत नाही. मग मोकळेपणाने पुढचं बोलता येतं: बरं, मग किती रुपयांचा डाव? तिथला कायदा पबला परवानगी देतो ती ‘समान संधीच्या’ खेळांना, म्हणजे जिथे जुगारघराच्या विरुद्ध पैसे लावायचे नसतात आणि सगळ्या खेळाडूंना संधी सारखी असते. रूलेट यात बसत नाही, कारण त्या चाकावरचं शून्य मालकाच्या बाजूने असतं. पोकर बसतो. तिथे प्रत्येकाला पत्ते त्याच एका कॅटमधून मिळतात.

आपल्याकडे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे आणि महाराष्ट्रात १८८७ चा, मुंबई प्रांताचा. दोन्हींत निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं, रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठलं पान धरायचं आणि कुठलं टाकायचं याला डोकं लागतं, म्हणून हा मुख्यतः कौशल्याचा खेळ; तीन पत्तीसारखा नव्हे. रमीच्या ऑनलाइन कंपन्या पुढे या आधारावर उभ्या राहिल्या. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. क्लबचा किंवा जागेचा मालक पैशांवर खेळल्या जाणाऱ्या अशा खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं. त्या वाक्याच्या जाहिराती कुणी केल्या नाहीत.

खरं तर १८६७ च्या कायद्यालाही हे कळत होतं. जुगारघर कशाला म्हणायचं हे सांगताना तो मालकाच्या नफ्यावर बोट ठेवतो. अड्ड्यांवरच्या मंडळींना कायद्याच्याही आधी कळत होतं. अड्डा चालवणारा दर डावामागे आपली नाल काढतो आणि नाल कधी हरत नाही. हिशेब सोपा आहे. समजा, दहा जण प्रत्येकी १००० रुपये घेऊन बसले. दर हाताला मध्ये सरासरी २०० रुपये जमतात आणि मालक त्यातले ५ टक्के, म्हणजे १० रुपये उचलतो. तासाला तीस हात झाले तर ३०० रुपये. पाच तासांत १५००. टेबलावर आले होते १०,००० आणि रात्री उरले ८५००. पत्त्यांचं नशीब इकडून तिकडे फिरतं, पण हे दीड हजार परत येत नाहीत. रोज बसणाऱ्या दहा जणांत एखादा खरोखर हुशार असेल, तो जिंकेलही. बाकीच्यांचे पैसे थोडे त्याच्याकडे आणि थोडे मालकाकडे जाणार, हे पहिला पत्ता वाटण्याआधीच ठरलेलं असतं. इंग्रजी पबमध्ये मालकाची कमाई बिअरवर आणि बटाट्याच्या चिप्सवर. लीग चालवणाऱ्या संस्था पबकडून शुल्क घेतात, खेळाडूंच्या पैशातून नाही. कोण किती हरतंय याच्याशी कुणाचाच फायदा जोडलेला नाही. आणि पाच पौंडात पिंटभर बिअरच्या पलीकडे तिथे फारसं काही येत नाही.

कौशल्याचा प्रश्न धरून बसलं की काय होतं त्याचा नमुना म्हणजे आपल्याकडची पोकरची अवस्था. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर, ब्रिज आणि रमी यांना नाव घेऊन जुगारातून वगळलंय. नागालँडने ऑनलाइन खेळांसाठी केलेल्या कायद्यात पोकर कौशल्याच्या खेळांच्या यादीत आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यालाच जुगार ठरवलं. पत्ते तेच बावन्न, नियम तेच, फक्त रेल्वेचं स्टेशन बदललं. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात नव्वदीच्या दशकात दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या गाड्यांना या सगळ्याने काही फरक पडला नाही.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त रस त्यात आहे. खेळ संपतो केव्हा?

पैशांचा साधा पोकर, म्हणजे ज्यात समोरच्या चिपा थेट रोख रकमेच्या असतात, त्याला शेवट नाही. हरणारा ‘अजून एक’ म्हणतो आणि जिंकणाऱ्याला मध्येच उठणं अवघड वाटतं. पहाटेचे चार हीच त्याची नैसर्गिक वेळ. स्पर्धेचा पोकर ही तुलनेने अलीकडची युक्ती आहे. १९७० मध्ये लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत मोठमोठे खेळाडू जमले, बरेच दिवस पैशांवर खेळले आणि शेवटी सर्वोत्तम कोण हे मतदानाने ठरलं. जॉनी मॉस निवडून आला. असं सांगतात की पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं होतं. खरं असो वा नसो, पोकर खेळणाऱ्यांना ओळखणारा कुणीही यावर विश्वास ठेवेल. पुढच्या वर्षी पद्धत बदलली: सगळ्यांनी सारखी रक्कम भरायची, सारख्या चिपा घ्यायच्या आणि एकाकडे सगळ्या येईपर्यंत खेळायचं. ज्याच्या संपल्या तो बाद. पबमधली मंगळवारची स्पर्धा त्याचीच नात.

तिची यंत्रणा बघा. वीस जण, प्रत्येकाला ५००० च्या चिपा. एकूण एक लाख. दर हाताला डीलरच्या डाव्या हाताच्या दोघांनी पत्ते न बघताच काही चिपा मध्ये टाकायच्या असतात, छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड. सुरुवातीला २५ आणि ५०. समोर ५००० असताना ५० म्हणजे काहीच नाही. नुसते पत्ते टाकत, गप्पा मारत, पिंट संपवत बसता येतं. पण दर पंधरा मिनिटांनी लॅपटॉपवरची घंटा वाजते आणि ब्लाइंड वाढतो. बाराव्या टप्प्याला मोठा ब्लाइंड ४००० वर आला की त्या एक लाखात फक्त पंचवीस मोठे ब्लाइंड उरतात आणि ते दोघा-तिघांत वाटलेले असतात. आता वाट बघणं परवडत नाही. चांगल्या पत्त्यांची वाट बघणाऱ्याला घड्याळच खाऊन टाकतं. बारा टप्पे पंधरा-पंधरा मिनिटांचे, म्हणजे तीन तास. साडेसातला सुरू झालेली स्पर्धा साडेदहाच्या सुमारास संपते, बार बंद व्हायच्या आणि शेवटची बस जायच्या आत. लीग चालवणाऱ्याचं खरं कसब इथे असतं: ब्लाइंड फार भराभर वाढवले तर सगळं नशिबावर जातं, फार सावकाश वाढवले तर सकाळी कामावर जाणारी माणसं पुढच्या आठवड्यात येत नाहीत. त्या तक्त्यावर जेवढे वाद होतात तेवढे बक्षिसावर होत नाहीत.

आपल्याकडे जुगाराचा विषय निघाला की द्यूतसभेला पर्याय नसतो. तर त्या सभेकडेही या नजरेने बघावं. फासे खोटे होते का, शकुनी किती कुशल होता, यावर पुष्कळ बोललं गेलंय. मला त्या पटाचा दोष वेगळा दिसतो. तिथे पणाला मर्यादाच नव्हती. मोती, सोनं, रथ, हत्ती, राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग धर्मराज स्वतः आणि त्यानंतर द्रौपदी. दर हरण्यानंतर आत जाऊन नवीन काहीतरी आणायची मुभा होती. आजच्या पोकर टेबलावर निदान हात चालू असताना हे चालत नाही. हात सुरू झाला तेव्हा तुमच्यासमोर जे होतं तेवढंच पणाला लागू शकतं, खिशात हात घालता येत नाही. स्पर्धेत तर याहून कडक: एकदा पाच पौंड भरले की उरलेल्या रात्रीत तुम्ही आणखी काही हरूच शकत नाही. युधिष्ठिर पबमध्ये आला असता तर पहिल्या तासात बाद होऊन बारपाशी उभा राहिला असता आणि इंद्रप्रस्थ जागेवर राहिलं असतं.

एक गोष्ट मात्र पोकरच्या कौतुककर्त्यांना मान्य करायला जड जाते. हौशी लीग टिकते ती कौशल्यामुळे नाही, नशिबामुळे. बुद्धिबळाच्या क्लबात नवखा माणूस पहिल्या दिवशी हरतो, दुसऱ्या दिवशी हरतो आणि महिनाभराने येईनासा होतो. ब्रिजच्या स्पर्धेत तर प्रत्येक टेबलावर तेच वाटप पाठवून पत्त्यांचं नशीब मुद्दाम काढून टाकलेलं असतं. ही व्यवस्था न्याय्य आहे यात शंका नाही, पण त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच चार-पाच जोड्या वर राहतात. (ब्रिजवाले रागावतील. पण ब्रिजवाले कशानेही रागावतात.) पोकरमध्ये हातात दोन एक्के येणं ही सर्वोत्तम सुरुवात, ती सरासरी २२१ हातांमागे एकदा येते. सर्वांत वाईट सुरुवात म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे सत्ती आणि दुर्री. या दोघांनी समोरासमोर सगळ्या चिपा लावल्या तरी सत्ती-दुर्रीवाला शंभरातून साधारण बारा वेळा जिंकतो. आठातून एकदा! म्हणूनच दवाखान्यातली परिचारिका, निवृत्त पोस्टमन, नळदुरुस्ती करणारा आणि गणिताचा प्राध्यापक एका टेबलावर बसू शकतात, आणि प्राध्यापकाला पोस्टमनची थोडी भीती वाटते. ज्यांच्या आवाक्यात फार फरक आहे अशी माणसं खेळातून एकत्र आणायची असतील तर नशिबाचा हा वाटा लागतोच. आपल्या घरी लग्नाच्या आदल्या रात्री बदाम सात किंवा चॅलेंज रंगतं ते याच कारणाने. आजी जिंकू शकते.

तेरा आठवड्यांच्या हंगामात नशीब समान होतं आणि शेवटी गुणवान वर येतो, असं लीगवाले सांगतात. थोडंफार खरं आहे. पण तेरा रात्री म्हणजे पत्त्यांच्या हिशेबात काहीच नाही, आणि हंगामाचा विजेता हा खोलीतला सर्वोत्तम खेळाडू असेलच अशी मुळीच खात्री नसते. मला हे बिघाडाचं नाही, उपकाराचं लक्षण वाटतं.

गुणांची पद्धत ही लीगची घटना असते आणि तिच्यावरून माणसं कशी वागणार ते ठरतं. फक्त पहिल्याला भरघोस गुण दिले तर सगळे पहिल्या तासात बेफाम होतात. प्रत्येक स्थानाला एकेक गुण वाढवत गेलात तर उलटं होतं: लोक राजा-राणीसुद्धा टाकून देतात, दुसरं कुणी आधी बाद व्हावं म्हणून जीव मुठीत धरून बसतात, आणि खेळ सरकारी कचेरीतल्या बढतीसारखा होतो. नुसतं येण्याला गुण ठेवले तर गर्दी वाढते, पण मग खेळाला नाही तर हजेरीला किंमत येते. काही लीग हंगामातल्या सर्वोत्तम दहाच रात्री मोजतात. मला ही तोड आवडते. एखाद्या बुधवारी पोराचा ताप किंवा रात्रपाळी आली म्हणून माणूस शर्यतीतून जात नाही, आणि जो एकही आठवडा चुकवत नाही त्याच्या घरी काय चाललंय हा प्रश्नही कुणाला पडत नाही.

अशा लीगला मैत्रीपूर्ण म्हणतात खरं, पण तिथल्या मैत्रीला एक चमत्कारिक अट आहे: मित्राला सोडायचं नाही. नवरा-बायको एकाच टेबलावर आले, नवऱ्याकडे तगडे पत्ते आहेत आणि समोर बायकोच्या शेवटच्या चिपा आहेत, तर त्याने पूर्ण जोर लावायचा. नाही लावला तर ती लबाडी समजली जाते. कारण त्याने वाचवलेल्या त्या चिपा उद्या तिसऱ्या कुणाला बाद करणार असतात. खोटं बोलण्याला पूर्ण मुभा असलेला हा खेळ. हातात काही नसताना सगळ्या चिपा पुढे सारून समोरच्याच्या डोळ्यांत बघणं हीच त्याची लज्जत. कुठे आणि किती थापा मारल्या की फायदा होतो याचं गणित फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं, आणि त्यांचा निष्कर्ष असा की थाप मारायची ती बऱ्या पत्त्यांवर नाही, टाकाऊ पत्त्यांवर. असा हा खेळ, पण त्याभोवती प्रामाणिकपणाचं केवढं कडं! हात चालू असताना आपण टाकलेल्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही. एकाला पत्ते दाखवले तर सगळ्यांना दाखवायचे. आपली पाळी येण्याआधी आपण काय करणार ते सुचवायचं नाही. पैज जाहीर केली की मागे घ्यायची नाही. पबमध्ये पगारी डीलर नसतो, आळीपाळीने खेळाडूच पत्ते पिसतात आणि वाटतात, त्यामुळे हे सगळं एकमेकांच्या भरवशावर चालतं. मेंढीकोटात भिडूला डोळ्याने खूण करणाऱ्या आपल्या परंपरेतून आलेल्या माणसाला हे आधी जडच जातं. भारतातून तिकडे गेलेल्या मंडळींच्या घरगुती टेबलांवर दिवाळीच्या तीन पत्तीची सवय मोडायला वेळ लागतो. तिथे हरणाऱ्या वहिनींना चार चिपा परत सरकवण्यात कुणाला गैर वाटत नाही.

आता आक्षेपाकडे. तो साधा नाही. ही हौशी लीग म्हणजे जुगाराची बालवाडी, पाच पौंडावर चटक लागते आणि माणूस पुढे पाचशेवर जातो, असं म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार आहे. हेन्री ओरेन्स्टीन नावाचा, नाझी छळछावण्यांतून वाचलेला आणि पुढे खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेला गृहस्थ. खेळाडूंचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट त्याला १९९५ मध्ये मिळालं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर टेबलात काच बसवून ‘लेट नाइट पोकर’ सुरू झालं आणि लोकांना पहिल्यांदा दुसऱ्याची थाप आतून दिसली. २००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस, आडनाव चक्क मनीमेकर, शंभराहून कमी डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी तिथे ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ८७७३. पब लीगची लाट याच वर्षांतली, आणि ऑनलाइन कंपन्यांनी या लीगकडे गिऱ्हाईक म्हणून बघितलं नसेल असं मानणं भाबडेपणाचं होईल.

पण या कथेत लोकांना कशाने ओढून नेलं ते नीट बघावं. पाच पौंडाने नाही. ‘तू हुशार आहेस, तुझ्या हुशारीला इथे भाव आहे’ या वाक्याने नेलं. म्हणजे परत तेच कौशल्य! जुगाराचं सर्वांत घातक आमिष नशीब हे नाहीच. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला निदान आपण लॉटरी खेळतोय हे माहीत असतं. आपल्यात कसब आहे आणि कालची हार हा अपवाद होता, असं ज्याला वाटतं तो परत परत येतो. आपल्याकडच्या जाहिरातींत नटांनी आणि क्रिकेटपटूंनी वर्षानुवर्षं हेच विकलं, आणि न्यायालयात कमावलेली ‘कौशल्याचा खेळ’ ही पदवी त्यांच्या मालावरचं प्रमाणपत्र झाली. ज्या प्रश्नाने आपण जुगार रोखू पाहत होतो त्याच प्रश्नाने त्याला प्रतिष्ठा दिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला तेव्हा हा प्रश्न एका फटक्यात बाजूला सारला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ मग कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, त्यावर बंदी. म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या वाटेने आपण अर्धं अंतर चाललो. तिथे कौशल्याचा प्रश्न सोडून दिल्यावर ‘किती?’ असं विचारलं गेलं. आपण ‘नाही’ म्हणून थांबलो. फोनवरच्या पोकरसाठी मला याचं दुःख नाही. ज्या टेबलाला बंद व्हायची वेळ नाही, जिथे नाल आपोआप कापली जाते आणि जिथे समोरच्याचा चेहराच नसतो, तिथे या खेळातलं जे राखण्यासारखं आहे ते उरतच नाही. पण त्याच मापाने सगळं मोजायची सवय जुनी आहे. गणपतीतल्या जागरणाच्या रात्री मांडवामागे दहा-दहा रुपयांवर बसलेली पोरं आणि लाखोंची उलाढाल करणारा अड्डा, दोन्हींची बातमी त्याच शब्दांत येते: जुगारावर छापा, पत्ते आणि रोख रकमेसह मुद्देमाल जप्त. १८८७ च्या कायद्यात रकमेची पायरी नाही. ती गावच्या ठाणेदाराच्या विवेकावर सोडलेली आहे, आणि तो विवेक कोणत्या रात्री कोणत्या मांडवाकडे वळेल हे सांगता येत नाही.

कायदा बदलण्याची वाट न बघताही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत पत्त्यांच्या खोल्या आहेत, टेबलं आहेत, दुपारी ब्रिज आणि रमी खेळणारे सभासद आहेत. पैसेच न लावता, फक्त गुणांवर पोकरची लीग तिथे चालू शकते. यावर खेळाडूंचं उत्तर तयार असतं: पैशाशिवाय पोकर म्हणजे वेळ घालवणं, कारण गमावण्यासारखं काही नसेल तर थापेला कोण घाबरणार? ब्रिटनमधल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या फुकट लीगमध्ये पहिल्या वीस मिनिटांत खरंच असं घडतं. दोघं-तिघं डोळे मिटून सगळ्या चिपा लावतात आणि घरी जातात. पण ते पहिल्या महिन्यात. हंगामाचे गुण फळ्यावर लागायला लागले, खालून तिसरं आपलं नाव दिसायला लागलं आणि आठ वाजता बाद झाल्यावर बाकीचे दोन-अडीच तास इतरांचा खेळ बघत बसावं लागलं, की चिपांना किंमत येते. तेव्हा गमावण्यासारखं काही असतं ते म्हणजे ती संध्याकाळ.

मात्र आठ वाजता बाद झालेल्या त्या माणसाचं काय करायचं, हे अजून कुठल्याच लीगने मनासारखं सोडवलेलं नाही. काही ठिकाणी त्याला शेवटच्या टेबलावर डीलर करतात. काही ठिकाणी बाद झालेल्यांचं वेगळं छोटं टेबल लागतं, पण तिथे लवकरच खऱ्या पैशांचा खेळ सुरू होण्याचा धोका असतो आणि सगळी चौकट मागच्या दाराने बाहेर जाते. जिमखान्याच्या समितीने नियमावली लिहायला घेतली तर बक्षिसाच्या चषकाआधी या कलमावर बसावं. मला विचाराल तर त्याच्याकडे पत्ते पिसायला द्यावेत, आणि त्या कामाचाही एक गुण ठेवावा.